घाट चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल तापते : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी काय तपासावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : जुना ऑटोमॅटिक पिकअप वैभववाडीकडून चिरा भरून करूळ घाटाने गगनबावड्याला चढतो, तेव्हा स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून उघडायला सांगितले आहे, तो सल्ला मानावा का? मी कोल्हापुरात गिअरबॉक्स दुरुस्तीचेच काम करतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की तापमान नेमके कोणत्या परिस्थितीत चढते आणि कोणत्या परिस्थितीत उतरते हे कळल्याशिवाय गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावू देऊ नये.

बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये सपाट रस्त्यावर ऑइल ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहते. भरल्या गाडीने घाट चढताना ते काही काळ ११० अंशांपर्यंत गेले, तरी माथ्यावर आल्यानंतर लवकर खाली येत असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. १२० अंशांच्या वर मात्र ऑइल वेगाने खराब होऊ लागते, सील कडक होतात आणि क्लच प्लेटांचे आयुष्य घटते, म्हणून तुमची काळजी योग्य आहे.

आधी तो आकडा खरा आहे का, ते पाहा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त चावी ऑन करून स्कॅनर लावला, तर ऑइल, कूलंट आणि बाहेरची हवा यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत. ऑइलचा आकडाच वेगळा दिसला तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. चालत्या गाडीत तापमान क्षणात ८५ वरून १३० वर उडी मारत असेल तर तोही कनेक्टरचाच दोष समजावा, कारण कित्येक लिटर ऑइल एका क्षणात तेवढे तापणे शक्य नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून पाहायचे असेल, तर चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट नेम धरू नका. त्यावर काळी चिकटपट्टी लावून पट्टीचे तापमान घ्या, नाहीतर आकडा बराच कमी दिसतो आणि चांगला सेन्सर विनाकारण बदलला जातो.

आकडा खरा ठरला, की गाडी मोकळी करून महामार्गावर शिरोली ते कागल अशी एकसारख्या वेगाने चालवा आणि शेजारी बसलेल्या माणसाला आकडे टिपायला सांगा. सपाटीवर मोकळ्या गाडीचे तापमान स्थिर राहत असेल आणि फक्त घाटात चढत असेल, तर उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होत आहे. कमी वेगात, मोठ्या ओझ्याखाली कन्व्हर्टरच्या आत ऑइल घुसळले जाते आणि इंजिनाची बरीच ताकद उष्णतेत जाते; अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये खालच्या गिअरना लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडून हे घुसळणे थांबवणारा क्लच) लागतही नाही. अशा वेळी ओझे कमी करणे, गिअर हाताने खालचा ठेवून इंजिनाचे फेरे चढे ठेवणे आणि चढावर थांबावे लागले तर ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून न धरता ब्रेक वापरणे, एवढ्यानेही फरक पडतो. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर तेही याच उष्णतेत भर घालतात.

सपाटीवरही तापमान चढतच राहिले, तर लॉक-अप तपासा. ७०-८० च्या स्थिर वेगात, मागे कोणी नसताना, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला डाव्या पायाने अगदी हलका स्पर्श करा. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि इंजिनाचे फेरे दोन-तीनशेने वाढलेले दिसतात. काहीच हालचाल झाली नाही तर तो मुळात लागतच नव्हता. त्याचे कारण पुष्कळदा सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह), वायरिंग किंवा ब्रेकचा स्विच असते.

गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि उसाच्या पट्ट्यात चालणाऱ्या गाडीत मी सर्वांत आधी तोच पाहतो. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि ऑइल कूलर यांच्यामधल्या फटीत पाचटाचे तुकडे आणि धूळ यांचा थर बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण कंडेन्सर थोडा पुढे घेऊन बॅटरीच्या प्रकाशात पाहिले की आरपार उजेड येत नाही. गाडी गरम असताना कूलरला जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांचे तापमान मोजा. जाणारा पाइप कडक गरम आणि परतीचा जवळजवळ थंड असेल तर ऑइलचा प्रवाह अडलेला आहे. दोन्ही सारखेच गरम असतील तर ऑइल फिरते, पण थंड होत नाही. परतीचा पाइप बऱ्यापैकी थंड असूनही एकूण तापमान चढत असेल तर कूलर काम करतो आहे आणि उष्णताच जास्त तयार होत आहे. कूलर रेडिएटरच्या टाकीत असेल, तर ऑइल कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणून इंजिनाचे तापमान आणि फॅनचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला जोरात फिरवणारी जोडणी) यांचीही तपासणी याच कामात येते.

ऑइलची पातळी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवरच पाहावी. कमी ऑइल असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. दोन्हींमुळे तापमान वाढते. ऑइल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. त्या क्षणापासून गाडी चालवू नका, टो करून न्या.

हे सर्व ठीक निघाले, तरच चेंबर उतरवावा. त्यातल्या चुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप असणे ही नेहमीची झीज आहे. चमकते धातूचे कण किंवा क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे आणि त्यासोबत ऑइलला जळका वास असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला योग्य ठरतो, आणि तेव्हा कूलरही आतून धुऊन किंवा बदलूनच घ्या, कारण त्यात अडकलेला तोच कचरा दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्समध्ये परत येतो.