मुलगा दुसरीत आहे, अक्षरं ओळखतो पण वाचताना अडखळतो. घरी काय करू?

बाराखडी पाठ आहे, पण चार ओळींचा धडा वाचायला पंधरा मिनिटं लागतात आणि शेवटी दोघंही रडकुंडीला येता, असं तुम्ही लिहिलंय. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या घरात रोज संध्याकाळी हेच चालायचं. मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. तेव्हा हे सगळं लेकीबरोबर चुकतमाकत शिकलेलं आहे, एवढं धरून चाला.

माझी मोठी चूक म्हणजे "दुसरीत आहेस ना, मग दुसरीचंच वाच" हा हट्ट. ती 'बदक' हा शब्द ब... द... क... असा वाचायची, प्रत्येक अक्षर पूर्ण सुरात. तीन अक्षरं झाली तरी बदक काही डोळ्यांसमोर यायचं नाही. सगळा जीव अक्षरं सोडवण्यातच जायचा, वाक्यात काय चाललंय ते कळणार कुठून? आणि मी वरून विचारायची, "सांग बघू, काय वाचलंस?"

आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते बघा. 'प्रथम' ही मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी संस्था; मुलांना कितपत वाचता येतं ते बघणाऱ्या तिच्या 'असर' पाहणीत 2005 पासून एक साधी चाचणी वापरतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. तशी एक तुम्ही घरीच कागदावर लिहून काढा. जिथे तो न अडखळता वाचतो तिथून सुरू करा, मग ते पहिलीचं असलं तरी चालेल. लाज वाटून घेऊ नका. ग्रामीण भागातल्या पाचवीच्या कितीतरी मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्याच पाहणीत दरवेळी दिसतं.

पुस्तकं हवीत सोपी, आणि तीच ती पुन्हा पुन्हा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. पहिल्या पातळीच्या दोन-तीन गोष्टी छापून घ्या आणि आठवडाभर त्याच वाचा. चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणेलच, "अगं, तो वाचत नाहीये, पाठ झालंय त्याला." आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या. होऊ दे पाठ. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हा कोणता?" विचारा. आधी तो सुरुवातीपासून पुटपुटत तिथपर्यंत येईल, नंतर थेट सांगेल.

आम्हाला खरा फरक पडला तो एकत्र वाचण्यानं. दोघांनी मोठ्यानं, एका आवाजात वाचायचं, आपलं बोट ओळीखाली सरकत राहायचं. जमतंय असं वाटलं की आपला आवाज हळूहळू बारीक करायचा. तो अडला तर मनात तीन आकडे मोजा आणि शब्द सांगून टाका. 'क ला काना का' करत बसू नका, तोवर गोष्ट मरते. 'आई म्हणाली'च्या जागी 'आई बोलली' वाचलं तर सोडून द्या, अर्थ धरून वाचतोय म्हणजे चांगलंच आहे. दहा मिनिटं झाली की बंद. रंगात आला असला तरी बंद, म्हणजे उद्या स्वतःहून येतो.

लिपीच्या काही खोड्या मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, तिथे मुलं हमखास थबकतात. घ-ध आणि भ-म ताटात रवा पसरून बोटानं गिरवून घेतले. सगळ्यात बिलंदर तो 'र': सूर्य, चक्र, ट्रक, बिचाऱ्या, दरवेळी नवं सोंग. रविवारच्या पेपरात मथळ्यांमधले 'र' लाल पेननं पकडायचा खेळ आम्ही महिनाभर खेळलो.

आणि एसटीनं जात असाल तर पाट्या वाचू द्या. 'विनाथांबा' हा लेकीनं एका दमात वाचलेला पहिला लांब शब्द. मग आमदारांसाठी राखीव असलेलं आसन वाचून तिनं अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "आमदार एसटीनं येतात?" कंडक्टर हसून म्हणाले, "मी तर अजून पाहिला नाही, बाळा."

दोन-तीन महिने असं करूनही अक्षरांची उलटापालट तशीच राहिली, तर आधी डोळे तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांशी अध्ययन अक्षमतेबद्दल, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं अवघड जातं त्याबद्दल, बोला. त्याला आळशी म्हणू नका.

झोपताना तुम्ही वाचून दाखवणं थांबवू नका, आणि ते त्याच्या वाचनापेक्षा अवघड असू द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यासाठी उत्तम, त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. आमची आता सहावीत आहे, तरी रात्री मीच वाचते. फक्त झोप आली म्हणून एखादा परिच्छेद गाळला, की पांघरुणातून आवाज येतो, "आई, मधलं राहिलं."