हत्ती कुठे उभा करावा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्राचीन काळातील सैन्यांच्या लहान मूर्ती टेबलावर मांडून, फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांविषयी मागील अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. येथील एका क्लबच्या एकदिवसीय स्पर्धेत ‘डीबीए’ नियमांनुसार खेळलो आणि मोठ्या हौसेने प्राचीन भारतीय सैन्य घेतले. हत्तींची पथके एका रांगेत पुढे नेली; पण बहुतेक डावांत ती शत्रूच्या हलक्या पायदळाच्या हातूनच मारली गेली. सोबतचे खेळाडू म्हणतात की सैन्यच दुबळे आहे, तर मला वाटते की फाशांनी दगा दिला. पुढच्या स्पर्धेसाठी सैन्य बदलावे का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : सैन्य बदलू नका, हत्तींची जागा बदला. तुमच्या पत्रात जे लिहिले आहे त्यावरून सैन्यही दुबळे वाटत नाही आणि फाशांचाही विशेष दोष दिसत नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजेच ‘डीबीए’, हे नियम ब्रिटनच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट ही त्यामागची प्रमुख नावे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२ पथके असतात आणि १५ मिलिमीटर मापाच्या मूर्तींसाठी सुमारे ६० सेंटिमीटरचा चौरस पट पुरतो. ज्याची चार पथके आधी नष्ट होतील आणि त्या वेळी ज्याचे नुकसान प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त असेल, तो हरतो. डाव साधारण तासाभरात उरकतो, म्हणूनच एका दिवसात अनेक फेऱ्यांची स्पर्धा भरवता येते.

आधी फाशांचे पाहू. समोरासमोर भिडलेली दोन पथके प्रत्येकी एक फासा टाकतात आणि त्यात आपापला लढाईचा अंक मिळवतात. समजा, तुमचा अंक समोरच्यापेक्षा दोनने जास्त आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी केवळ ६ शक्यतांमध्ये तुमचा पराभव होतो. मात्र शत्रूचे आणखी एक पथक तुमच्या एका बगलेला येऊन भिडले की तुमचा एक अंक कमी होतो आणि त्या ६ च्या १० होतात. दुसरीही बगल उघडी पडली तर १५ होतात, म्हणजे तुमची वरचढ बाजू बरोबरीची होऊन बसते. टेबलावर हा सगळा बदल एखाद्या चालीत घडून जातो, आणि खेळाडूला मात्र वाटते की फासा वाईट पडला. वास्तविक फासा टाकण्यापूर्वीच आपण १५ शक्यता स्वीकारलेल्या असतात.

हत्तीच्या बाबतीत याहून एक कठोर नियम आहे. बहुतेक पथके केवळ हरली तर मागे सरतात आणि समोरच्याची बेरीज दुप्पट झाली तरच नष्ट होतात. हत्ती मात्र हलक्या भालाफेक्यांकडून नुसता हरला तरी जागीच संपतो. शिवाय हत्ती मागे रेटला गेला तर पाठीमागे उभ्या असलेल्या आपल्याच पथकाला चिरडतो. आणि प्रत्येक चालीच्या आरंभी फासा टाकून जे हुकूम मिळतात, ज्यांना खेळाडू ‘पिप’ म्हणतात, त्यांतला एक जास्तीचा पिप हत्ती हलवताना खर्ची पडतो. फाशावर एक पडला की हत्ती जागचा हलत नाही.

हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत, आणि मला या खेळाविषयी आत्मीयता वाटते ती नेमकी याच कारणाने. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाने जी मांडणी केली तिचे वर्णन ग्रीक इतिहासकार एरियनने दिले आहे : २०० हत्ती, दोन हत्तींमध्ये किमान एक प्लेथ्रॉन म्हणजे सुमारे ३० मीटर अंतर, त्यांच्यामागे आणि मधल्या जागांत पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ आणि घोडदळापुढे रथ. ही मांडणी मूर्खपणाची नव्हती. अलेक्झांडरच्या घोड्यांना हत्तींसमोर यायची भीती वाटावी आणि हत्तींच्या मधून कुणी आत शिरलेच तर त्याला पायदळाने गाठावे, असा तिचा हिशेब होता. अलेक्झांडरने तो हिशेब ओळखला आणि समोरून हत्तींवर घोडे घातलेच नाहीत. त्याने घोडदळाची मुख्य ताकद पोरसाच्या डाव्या बगलेवर टाकली, आपला सेनानी कोइनोस याला वळसा घालून मागून पाठवले, आणि हत्तींवर भालाफेके सोडले, ज्यांनी माहुतांनाच टिपले. भारतीय घोडदळ मागे हटून हत्तींच्या आसऱ्याला आले, गर्दी झाली, आणि त्या दाटीत जखमी, बिनमाहुताचे हत्ती परक्यांइतकेच आपल्या माणसांनाही तुडवू लागले. तुम्ही तुमच्या डावांची जी हकिगत लिहिली आहे ती वाचताना मला हेच वर्णन आठवत राहिले.

आता याच हत्तींची दुसरी बाजू पाहा. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या सांगण्यानुसार चंद्रगुप्त मौर्याने अलेक्झांडरचा एक सेनानी आणि नंतरचा राजा सेल्युकस याला ५०० हत्ती दिले. इ. स. पू. ३०१ मध्ये इप्सस येथे, सध्याच्या तुर्कस्तानात, सेल्युकसने त्यांचा उपयोग शत्रूची फळी फोडण्यासाठी केला नाही. शत्रू होता अँटिगोनस, आणि त्याचा मुलगा डेमेट्रियस याचे विजयी घोडदळ पाठलागात लांब गेले होते. ते परतू पाहत असताना सेल्युकसच्या हत्तींनी वाट अडवली, घोडे पुढे येईनात, आणि मागे एकाकी पडलेला म्हातारा अँटिगोनस मारला गेला. हत्तीचे काम घोडे अडवण्याचे आहे. डीबीएमध्येही अवजड घोडदळाचे पथक हत्तीकडून नुसते हरले तरी नष्ट होते, म्हणजे हलके पायदळ हत्तीचे जे करते तेच हत्ती त्या घोडदळाचे करतो.

तेव्हा पुढच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी मॅसिडोनियन असेल तर त्याचे हेटायरॉई, म्हणजे अलेक्झांडरचे निवडक स्वार, कुठे उभे आहेत ते आधी शोधा आणि हत्ती त्यांच्यासमोर येतील असे पाहा. सगळे हत्ती एकाच रांगेत ठेवू नका, कारण एका बाजूने भालाफेके आले की ते एकामागून एक सगळ्यांना भिडतील. हत्तीच्या लगत तुमच्या यादीतले, म्हणजे नियमांनी तुमच्या सैन्याला ठरवून दिलेल्या पथकांपैकी, हलके पायदळ ठेवा, जेणेकरून शत्रूच्या भालाफेक्यांना आधी त्याच्याशी भिडावे लागेल. हत्तीच्या थेट मागे कुणालाही उभे करू नका. झाडी आणि खडकाळ जागेपासून हत्ती दूर ठेवा, तेथे त्यांचा अंक दोनने घसरतो आणि हलके पायदळ नेमके तेथेच दबा धरून बसते. तुमच्या तिरंदाजांचा अंक घोडेस्वारांविरुद्ध ४ आणि पायदळाविरुद्ध २ आहे, म्हणून त्यांनाही घोडदळाच्या वाटेवरच ठेवावे. रोमन तलवारधारी पथकासमोर, ज्याचा पायदळाविरुद्धचा अंक ५ आहे, त्यांना उघड्या मैदानात सोडून देणे म्हणजे पथके दान करण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट, जी नवे खेळाडू सर्रास विसरतात. कमी आक्रमक सैन्याच्या वाट्याला बहुधा बचावाची बाजू येते आणि पटावरची भूरचना बचाव करणाराच मांडतो. ती मांडताना घाई करू नका. झाडी आणि टेकडी अशा ठिकाणी ठेवा की मधले मोकळे मैदान अरुंद होईल आणि शत्रूच्या घोडदळाला हत्तींना वळसा घालणे जड जाईल. अर्थात पटाची कोणती बाजू तुमच्या वाट्याला येईल हे शेवटपर्यंत तुमच्या हातात नसते, म्हणून कुठल्याही बाजूने चालेल अशी रचना मनात ठरवून जावे. माझ्या मते क्लबच्या स्पर्धेतील निम्मे डाव पहिला पिप पडण्यापूर्वीच ठरलेले असतात.

प्रश्न : मँचेस्टरच्या एका क्लबात मी या वर्षी खेळू लागले. प्रतिस्पर्धी बहुतेक वयाने मोठे आणि अनेक वर्षे खेळलेले आहेत. एका फेरीत समोरच्या गृहस्थांनी पथक हलवताना अंतर थोडे जास्त घेतले असे मला वाटले, पण संकोचामुळे मी बोलले नाही आणि डाव गमावला. अशा वेळी काय करावे?
— एक वाचिका, मँचेस्टर

उत्तर : बोलावे, आणि त्याच क्षणी बोलावे. चाल संपून फासे पडल्यावर काढलेली तक्रार कुणालाच सोडवता येत नाही. समोरची व्यक्ती लबाडी करते आहे असे मानण्याचे कारण नाही. चाळीस मिलिमीटरचा बेस, म्हणजे पथकाच्या मूर्ती ज्यावर चिकटवलेल्या असतात तो तुकडा, बोटांनी उचलून ठेवताना तो दोन-तीन मिलिमीटर सरकणे अगदी सहज घडते, आणि याच दोन-तीन मिलिमीटरांवर पथक टप्प्यात आहे की नाही हे ठरते.

अनुभवी खेळाडूंची एक पद्धत तुम्ही उचलावी असे सुचवतो. ते हलवताना हेतू बोलून दाखवतात : ‘तुमच्या घोडदळाच्या टप्प्याबाहेर राहावे म्हणून हे पथक मी इथे थांबवतो आहे, मान्य आहे ना?’ समोरच्याने मान डोलावली की पुढे बेस किंचित हलला तरी वाद उरत नाही. फासा पुस्तकाला किंवा टेकडीला टेकून तिरका राहिला तर तो पुन्हा टाकायचा, हेही डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. एवढे करूनही एकमत झाले नाही तर पंचांना बोलवावे. पंचांना बोलावणे हा समोरच्याचा अपमान नाही, ती स्पर्धेची रीतच आहे. स्पर्धेला फेरीची वेळ बांधलेली असते, आणि वाद घालण्यात गेलेली दहा मिनिटे दोघांच्याही डावातून वजा होतात.

प्रश्न : मी मौर्यकालीन सैन्याच्या मूर्ती रंगवायला घेतल्या आहेत. हत्तीवर लाकडी हौदा आणि सैनिकांना रंगीबेरंगी पोशाख द्यावा की नाही, याबद्दल खात्री वाटत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हौदा देऊ नका. सांचीच्या तोरणांवरील शिल्पांमध्ये स्वार हत्तीच्या पाठीवर उघडेच बसलेले दिसतात. ती शिल्पे मौर्यांच्या नंतरची असली तरी इतर साधनांपेक्षा त्या काळाला जवळची आहेत. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याच्या आधारे स्ट्रॅबो सांगतो की हत्तीवर चौघे असत, एक माहूत आणि तीन तिरंदाज, आणि रथात सारथ्याखेरीज दोन लढवय्ये. हत्तीच्या पाठीवरचा लढाऊ बुरूज ग्रीक राज्यांच्या सैन्यांत दिसतो, म्हणून तो सेल्युकसच्या हत्तींसाठी राखून ठेवा.

पोशाखाबाबत अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नेआर्कोस याच्या आधारे एरियनने दिलेली माहिती रंगवणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. सुती वस्त्र, तेही अत्यंत पांढरे, एक कमरेला गुडघ्याखालपर्यंत आणि दुसरे खांद्यावरून, त्याचाच काही भाग डोक्याला गुंडाळलेला. पादत्राणे पांढऱ्या चामड्याची. रंगाची हौस दाढ्यांवर भागवता येईल, कारण दाढ्या वेगवेगळ्या रंगांत रंगवण्याची चाल होती असे तो लिहितो. धनुष्य माणसाच्या उंचीएवढे, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जाई. तिरंदाजाची अशी मूर्ती मिळाली तर ती अवश्य घ्या. काहींच्या डाव्या हातात कच्च्या कातड्याची, अरुंद पण जवळजवळ पुरुषभर उंचीची ढाल असे आणि सर्वांजवळ दोन्ही हातांनी चालवायची रुंद तलवार.

पांढरा रंग थेट पांढरा लावू नका. इतक्या लहान मूर्तीवर तो सपाट दिसतो. आधी फिकट मातकट किंवा करडी छटा द्यावी आणि केवळ वळ्यांच्या उंचवट्यांवर शुद्ध पांढरा ओढावा. महाराष्ट्रातच असाल तर लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांतील रथाचे आणि हत्तीवरील स्वाराचे शिल्प एकदा समक्ष पाहून या. ती देवदेवतांची शिल्पे मानली जातात, परंतु रथाची बांधणी आणि हत्तीवर बसण्याची ढब पाहायला ती उत्तम आहेत.

प्रश्न : पुण्यात आम्हा काही मित्रांना हा खेळ सुरू करायचा आहे, पण परदेशातून मूर्ती मागवण्याचा खर्च झेपत नाही. मूर्तींशिवाय खेळता येईल का? आणि शिवाजी महाराजांचे सैन्य या खेळात घेता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डीबीएच्या याद्या इ. स. १५०० च्या आसपास संपतात, त्यामुळे सतराव्या शतकातील मराठा सैन्य प्राचीन काळाच्या स्पर्धेत बसत नाही. बंदुका आणि तोफा ज्यांत मुख्य आहेत अशा नंतरच्या कालखंडांसाठी वेगळे नियम आहेत. सातवाहनांच्या काळचे सैन्य मात्र प्राचीन भारतीय यादीखाली खेळता येईल.

मूर्तींशिवाय खेळ उत्तम शिकता येतो. जाड पुठ्ठ्याचे ४० मिलिमीटर रुंदीचे तुकडे कापा. खोली प्रकारानुसार ठेवावी : दाट फळीत लढणाऱ्या भालाईतांसाठी १५, हलक्या पायदळासाठी २०, घोडदळासाठी ३०, हत्ती व रथांसाठी ४०. प्रत्येक तुकड्यावर पथकाचे नाव आणि पुढची दिशा दाखवणारा बाण काढावा. रुंदी मिलिमीटरभरही चुकू देऊ नका, कारण बगल भिडली की नाही हे बेसच्या कडांवरून ठरते. पटासाठी ६० सेंटिमीटरचे हिरवे कापड, टेकड्यांसाठी कागद, आणि दोन फासे एवढ्यावर भागते.

सुरुवातीला एकमेकांविरुद्ध सारखीच सैन्ये घेऊन खेळा, म्हणजे कुठला निकाल यादीमुळे लागला आणि कुठला मांडणीमुळे, हे वेगळे करता येईल. त्यानंतर पोरस आणि अलेक्झांडर अशी जोडी लावावी आणि दर डावाला बाजू बदलावी. परदेशातील बहुतेक स्पर्धांमध्ये रंगवलेल्या मूर्ती आवश्यक असतात, पण तेथवर जाण्याचा विचार ठरला तरी पूर्ण संच एकदम घेण्याची गरज नाही. डीबीएचे अख्खे सैन्य १२ पथकांचे असते, म्हणून मित्रांनी मिळून एकाच मागणीत दोन सैन्ये मागवली तर टपालखर्च विभागला जाईल. ती दोन सैन्ये परस्परांचे ऐतिहासिक शत्रू असतील अशीच निवडा.