शिकरा की पावशा? फोटोवरून अचूक सांगणारं ॲप कोणतं?

मर्लिन घ्या, जोडीला आयनॅचरलिस्ट. दोन्ही फुकट आहेत. इथेच थांबले असते, पण तुम्ही नेमकं शिकरा-पावशाचं नाव काढलंत: शिकरा म्हणजे छोटा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला.

आमच्या भाऊजींच्या हॉलमध्ये, इथे इंदूरला, सोफ्याच्या वर दीड हात लांब फ्रेम आहे. खाली सोनेरी अक्षरांत 'शिकरा, सिरपूर तलाव'. तो पावशा आहे. फोटो निघाला तेव्हा थर्मास धरून मीच शेजारी उभी होते.

जानेवारीतली सकाळ होती. पक्षी बाभळीवर येऊन बसला, बसल्या बसल्या शेपटी डावीउजवीकडे हलवली आणि पंख ढिले सोडले. चोचीत केसाळ सुरवंट, तो फांदीवर घासत होता. शिकरा सरडा फाडतो, उंदीर फाडतो, केसाळ सुरवंटाच्या वाटेला कशाला जाईल? मी म्हटलं, "भाऊजी, पावशा." तर म्हणे, "अगं, पावशा पावसाळ्यात येतो." येतो कुठून? इथेच असतो, थंडीत गप्प बसतो एवढंच. ज्येष्ठात तोंड उघडतो तेव्हा आमच्या आजीला 'पेर्ते व्हा' ऐकू यायचं आणि शेजारच्यांना 'पी कहाँ'.

घरी आल्यावर भाऊजींनी फोटो असा कापला की सुरवंट गेला, फक्त डोकं-छाती उरली. ॲपनेही मग शिकराच सांगितलं. त्यांच्या लेन्सची किंमत ऐकलेल्या आमच्या पक्षीवाल्या ग्रुपातल्या कुणाची 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही. फ्रेमसाठी मूळ फोटो दिला खरा, पण फ्रेमवाल्याने वरून जाड पांढरा माउंट लावला आणि त्याखाली पायही गेले. सगळी ओळख पायांत होती! पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शिकऱ्याची तीन पुढे, एक मागे, आणि नख्या अशा की शंकाच नको.

म्हणून ॲपला आधी अख्खा फोटो द्या, तारीख-ठिकाण खरं टाका. चोच पाहा: शिकऱ्याची आखूड, आकड्यासारखी, पावशाची लांबट, जराशीच वाकलेली. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कड असते. शिकऱ्याच्या गळ्यावर मधोमध एक गडद रेघ असते. पक्षी काय करत होता ते तिथल्या तिथे वहीत लिहा. पावशाचं रूपच शिकऱ्यासारखं आहे, छोटे पक्षी त्याला बघून बिचकतात. सातभाई पक्षी तर त्याचं पिल्लू आपलं समजून वाढवतात. मग ॲप फसलं तर नवल काय?

आयनॅचरलिस्टवर दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद पक्की धरतात. तिथे 'हो ला हो' करणारे मित्र नेऊ नका. लेन्स महाग असली की डोळे आपोआप तयार होतात, हा गैरसमज मी घरातच बघितलाय.

हो, एक राहिलं. छातीवरच्या पट्ट्यांवर फार विसंबू नका. दोघांच्याही पिल्लांच्या छातीवर आडव्या पट्ट्यांऐवजी उभे ठिपके-रेघोट्या असतात, तिथे मीही चुकले आहे.

मूळ फोटो, पायांसकट, माझ्याकडे आहे. भाऊजींना तीनदा पाठवला. निळ्या टिक्स आल्यात.