एकच भोंगा, दोन अर्थ

प्रश्न : सिम्युलेटरवर बोइंग ७३७-८०० उडवताना टेक-ऑफसाठी थ्रॉटल पुढे केले की तुटक भोंगा वाजतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) ५ वर असतात. तसाच उडालो, तर १०,००० फुटांच्या पुढे पुन्हा तोच आवाज. सॉफ्टवेअर बिघडलं आहे का?

उत्तर : नाही. ७३७ मध्ये हा भोंगा दोन वेगळ्या इशाऱ्यांसाठी आहे. विमान जमिनीवर असेल तर टेक-ऑफची मांडणी चुकली आहे : फ्लॅप १ ते २५ च्या बाहेर, ट्रिम (नाक वर-खाली ठेवणारी शेपटीची मांडणी) हिरव्या पट्ट्याबाहेर, पार्किंग ब्रेक लागलेला किंवा स्पीडब्रेकचा (पंखांवर उभ्या राहणाऱ्या, वेग कमी करणाऱ्या फळ्यांचा) दांडा पूर्ण खाली नाही. तुमचे फ्लॅप ठीक आहेत, तेव्हा आधी संशय दांड्यावर घ्या. घरच्या थ्रॉटल क्वाड्रंटवरच्या (दांड्यांच्या खोक्यावरच्या) या दांड्याचा अक्ष कधी कधी शून्यावर येतच नाही, किंचित वर राहतो. पडद्यावर मात्र दांडा खालीच दिसतो. कॅलिब्रेशन करून खालच्या टोकाला ३-४ टक्के डेड झोन (जिथली हालचाल मोजलीच जात नाही असा भाग) ठेवा. नंतर पायाचे ब्रेक दाबून थ्रॉटल क्षणभर पुढे करून बघा. पार्किंग ब्रेक लावून ही चाचणी घेतलीत, तर भोंगा त्यामुळेच वाजेल!

हवेत तोच भोंगा म्हणजे केबिनमधल्या दाबाची उंची १०,००० फुटांवर गेली, म्हणजे आतली हवा तेवढ्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली. आधी ऑक्सिजन मास्क, मग ओव्हरहेड पॅनेल : दोन्ही इंजिनांचे ब्लीड (इंजिनातून हवा घेणारे व्हॉल्व्ह) ऑन, दोन्ही पॅक (ती हवा थंड करून केबिनमध्ये सोडणारी यंत्रं) ऑटो, दाबाचा सिलेक्टर ऑटो. इंजिन सुरू केल्यावर पॅक बंदच राहणं ही सिम्युलेटरवरची नेहमीची चूक, तुमचंही तेच झालं असावं. तरीही दाब सावरत नसेल तर सिलेक्टर मॅन्युअलवर टाकून आउटफ्लो व्हॉल्व्ह (केबिनमधली हवा बाहेर सोडणारी झडप) बंद करा आणि डोंगर नसतील तर १०,००० फुटांपर्यंत उतरा. हॉर्न कटआउटचं बटण फक्त आवाज थांबवतं, केबिनमध्ये हवा भरत नाही.

हा गोंधळ कागदी नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या हेलिओस विमान कंपनीच्या ७३७-३०० मध्ये दाबाचा सिलेक्टर मॅन्युअलवर राहिला होता, म्हणून केबिनमध्ये दाब आपोआप राखला गेला नाही. चढताना भोंगा वाजला, तो वैमानिकांना टेक-ऑफचा इशारा वाटला. विमान ग्रीसमध्ये कोसळलं, १२१ जण गेले. पुढे दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवले गेले. तुमच्या मॉडेलमध्ये ते असतील तर आवाजाआधी तिकडे बघा.

प्रश्न : एअरबस ए३२० मध्ये कधी एकच ‘टिंग’ होतं, कधी टिंगटिंग थांबतच नाही. फरक काय?

उत्तर : एक टिंग म्हणजे पिवळा इशारा, सलग टिंगटिंग म्हणजे लाल. ईसीएएमच्या (बिघाड आणि उपाय दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावरची ओळ वाचा, मग मास्टर वॉर्निंगचं बटण दाबून आवाज बंद करा. वेगमर्यादा ओलांडल्यावरची टिंगटिंग मात्र या बटणाला दाद देत नाही. थ्रॉटल मागे घेऊन किंवा नाक थोडं वर करून वेगच कमी करावा लागतो.