एक्स-रे मशीनची ट्यूब 'जाते' म्हणजे नेमकं काय होतं? आणि फोटो निघायच्या आधी येणारा तो आवाज कशाचा?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन 'ट्यूब गेली' म्हणून बरेच दिवस बंद राहिलं, तर ही ट्यूब जाते कशी, नवीन आणून लगेच का बसवत नाहीत, आणि फोटो निघण्याआधी घूंऽऽ असा जो आवाज येतो तो त्याच ट्यूबचा का. मी दवाखान्यांतल्या एक्स-रे आणि सीटी यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करतो, त्यामुळे हा माझ्या रोजच्या कामातला आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. हो, तो आवाज ट्यूबचाच. आणि ती जाते ती बहुतेक वेळा उष्णतेमुळे. आवाजाचं कारणही उष्णताच.

आधी ट्यूब काय करते ते पाहू. हवा पूर्ण काढून टाकलेल्या काचेच्या नळीत एका टोकाला टंगस्टनच्या तारेचं फिलामेंट असतं. ते तापलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर ॲनोड असतो. दोघांमध्ये ४० हजारांपासून दीड लाखापर्यंत व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने जाऊन ॲनोडवर आदळतात आणि तिथे एकदम थबकतात. थबकताना त्यांची थोडी ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. ही 'थोडी' फारच थोडी आहे. टंगस्टनच्या ॲनोडवर १०० केव्हीला (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) शंभरातला जेमतेम एक भाग किरणांच्या रूपात मिळतो. उरलेले ९९ भाग उष्णता होतात, आणि त्याही ॲनोडच्या एका ठिपक्यावर.

हिशेब करून बघा. जाड माणसाच्या कमरेच्या फोटोला १०० केव्ही आणि ५०० एमए (मिलिॲम्पिअर, म्हणजे नळीतून वाहणारा प्रवाह) लावले, तर त्या क्षणी ५० किलोवॉट खर्च होतात, म्हणजे दोन किलोवॉटचे पंचवीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. ही सगळी शक्ती ॲनोडवर साधारण सात चौरस मिलिमीटर जागेत ओतली जाते. जागा मोठी करून प्रश्न सुटत नाही, कारण किरण जितक्या लहान ठिपक्यातून येतील तितकी हाडाची कड स्पष्ट उमटते. ठिपका मोठा झाला की सावलीच्या कडा पसरतात आणि बारीक फ्रॅक्चर दिसेनासं होतं. ठिपका लहान हवा, शक्ती भरपूर हवी आणि धातू वितळता कामा नये. गेल्या सव्वाशे वर्षांत ट्यूबमध्ये जे जे शोध लागले, ते बहुतेक याच एका पेचातून वाट काढण्यासाठी.

रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात वुर्झबुर्गमध्ये क्ष-किरण शोधले, तेव्हाच्या नळ्यांमध्ये थोडा वायू मुद्दाम शिल्लक ठेवलेला असे. फिलामेंट नव्हतंच, वायूचे आयन (विद्युतभार असलेले कण) कॅथोडवर, म्हणजे ॲनोडसमोरच्या टोकावर, आपटून इलेक्ट्रॉन काढत. वापरता वापरता तो वायू काचेत आणि धातूत मुरून कमी होई, आणि तीच नळी जास्त दाब मागू लागे, किरणही जास्त भेदक देई. सकाळचा फोटो आणि संध्याकाळचा फोटो सारखा येईलच याची खात्री नाही. डॉक्टर वेगवेगळ्या 'कडकपणा'च्या नळ्या जवळ बाळगत, आणि आज कोणती बरी चालतेय हे बघायला किरणांच्या वाटेत स्वतःचा हात धरत. त्या सवयीने कितीतरी लोकांची बोटं गेली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली रोज या नळ्यांपुढे हात धरत असे. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. आज टेक्निशियन भिंतीआड उभा राहून आकडे लावतो, तेव्हा या माणसांची आठवण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हे चित्र बदललं विल्यम कूलिजने. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत तो विजेच्या दिव्यांसाठी टंगस्टनच्या मागे लागला होता. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हवंहवंसं, पण इतकं ठिसूळ की त्याची तार ओढताच येईना. गरम असतानाच पुन्हा पुन्हा ठोकून, हळूहळू बारीक करत त्याने १९१० च्या सुमारास वाकणारी टंगस्टनची तार बनवली. मग तोच धातू त्याने एक्स-रे नळीत आणला, फिलामेंट म्हणूनही आणि ॲनोड म्हणूनही. त्याआधी ॲनोडला प्लॅटिनम वापरत, आणि ते १७६८ अंशांनाच वितळतं. त्याच प्रयोगशाळेतल्या अर्विंग लँगम्यूरने दाखवून दिलं होतं की अगदी चांगल्या निर्वातातही तापलेलं टंगस्टन इलेक्ट्रॉन देत राहतं. म्हणजे वायूची गरजच संपली. १९१३ ची कूलिज ट्यूब ती हीच. फिलामेंट किती तापवायचं यावर एमए ठरतो, दाब किती द्यायचा यावर केव्ही ठरतात, आणि एकाला हात लावला तर दुसरं बिघडत नाही. तुमच्या दवाखान्यातल्या पॅनेलवर केव्ही आणि एमए वेगवेगळे लावता येतात ते या एका कामामुळे. माझ्या मते रोंटगेननंतर या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव कूलिजचंच, आणि ते आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. तो १०१ वर्षं जगला, १९७५ मध्ये वारला.

पुढची युक्ती भूमितीची होती, आणि ती फार सुंदर आहे. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका कापायचा. इलेक्ट्रॉन लांबट पट्टीवर पडतात, पण खालून, म्हणजे पेशंटच्या बाजूने पाहिलं तर ती पट्टी आखूड होऊन चौकोनी ठिपका दिसते. तिरकेपणा १२ अंशांचा असेल तर खऱ्या पावणेसहा मिलिमीटर लांबीचा ठिपका १.२ मिलिमीटरचा भासतो. उष्णता मोठ्या जागेत वाटली जाते, चित्र मात्र लहान ठिपक्याचं मिळतं. याची थोडी किंमत मोजावी लागते: ॲनोडच्या बाजूने निघणारे किरण खुद्द ॲनोडच्याच धातूतून थोडे शोषले जातात, म्हणून त्या बाजूला झोत किंचित मंद असतो. जाणकार टेक्निशियन मांडीचा फोटो काढताना जाड भाग, म्हणजे कंबरेकडची बाजू, मुद्दाम कॅथोडच्या बाजूला घेतात.

एवढ्यानेही भागेना. मग ॲनोड फिरवायचा ठरला. ही कल्पना एकोणिसावं शतक संपायच्या आधीच काहींना सुचली होती, पण ती विकता येण्याजोगी ट्यूब होऊन आली ती १९२९ मध्ये, नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या आल्बर्ट बाउवर्सची 'रोटालिक्स'. ॲनोड एक तबकडी करायची आणि ती इतक्या वेगाने फिरवायची की इलेक्ट्रॉनांच्या खाली सतत नवा धातू येत राहील. पुन्हा हिशेब करू. फिरत्या तबकडीवर झोत ज्या गोल पट्टीवर पडतो ती ८० मिलिमीटर व्यासाची, वेग मिनिटाला २८०० फेरे. म्हणजे कोणताही एक बिंदू झोताखाली सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग राहतो आणि पुढे सरकतो. मग त्याला निवायला एक पूर्ण फेरी मिळते. जोरकस ट्यूबमध्ये हा वेग ९००० ते १०००० फेऱ्यांपर्यंत नेतात.

निर्वात नळीच्या आत काही फिरवायचं म्हणजे बाहेरून दांडा घालता येत नाही, हवा शिरेल. म्हणून मोटरचे दोन भाग केले. स्टेटरची (स्थिर भागाची) वेटोळी काचेच्या बाहेर, तांब्याचा रोटर (फिरणारा भाग) आत, आणि मधून फक्त चुंबकीय क्षेत्र आरपार जातं. तुम्हाला ऐकू येतो तो हाच रोटर वेग घेतानाचा आवाज. टेक्निशियनच्या हातातलं बटण दोन टप्प्यांचं असतं. पहिल्या टप्प्याला तबकडी फिरू लागते आणि फिलामेंट पुरेसं तापतं. सेकंदभराने ती पूर्ण वेगात आली की दुसऱ्या टप्प्याला किरण सुटतात. त्याच मधल्या वेळात 'श्वास रोखा' म्हणतात. काही जण त्या आवाजालाच घाबरतात, म्हणून स्पष्ट सांगतो: फोटोआधी तबकडी वेग घेतानाचा तो आवाज येतो तेव्हा उच्च दाब दिलेलाच नसतो, त्यामुळे किरण अजिबात नसतात. किरण असतात ते फोटोच्या त्या सेकंदाच्या अंशापुरतेच. तबकडी फिरत नसताना दाब दिला तर एकाच फोटोत ॲनोडवर वितळून खड्डा पडेल, म्हणून मशीनमध्येच तसं होऊ न देणारी सोय असते.

आता ट्यूब जाते कशी. निर्वातात तेल-ग्रीस चालत नाही, ते उकळून निर्वात बिघडवेल. म्हणून बेअरिंगच्या छर्‍यांवर चांदीचा किंवा शिशाचा पातळ थर देतात आणि तोच वंगणाचं काम करतो. तबकडीला हवा नाही, पाणी नाही. ती लाल-पिवळी होऊन उष्णता प्रकाशासारखी फेकते तेवढाच तिचा निचरा. (निरपेक्ष तापमान दुप्पट झालं की ही फेक सोळापट होते, म्हणून तबकडी गरम असणं एका अर्थी कामाचंच.) ती उष्णता बेअरिंगकडे उतरू नये म्हणून तबकडी मॉलिब्डेनम या धातूच्या बारीक देठावर बसवतात. तरीही वर्षानुवर्षांत बेअरिंग झिजतं, आवाज खरखरीत होतो, आणि एक दिवस रोटर अडकतो. दुसरीकडे फिलामेंटचं टंगस्टन थोडं थोडं उडून काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखं चढतं. एक तर तार बारीक होऊन तुटते, नाहीतर त्या थरावरून ठिणगी पडू लागते आणि मशीन फॉल्ट दाखवून बंद होतं. ॲनोडची पट्टी तापून-निवून खडबडीत होते, तेव्हा किरण कमी मिळतात, आणि टेक्निशियन नकळत एमए वाढवत जातो. ट्यूब म्हातारी झाल्याची ही खूण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पण माझ्या पाहण्यात सर्वांत वाईट वाटतं ते थंड तबकडीला तडा जाण्याचं, कारण ते टाळता येतं. थंड टंगस्टन ठिसूळ असतं. रात्रभर बंद असलेल्या मशीनवर सकाळी पहिलाच फोटो जोराचा घेतला, तर वरची पट्टी क्षणात अडीच हजार अंशांजवळ जाते आणि खालची तबकडी खोलीच्या तापमानाला राहते. या ताणाला तोंड देण्यासाठीच पुढे टंगस्टनमध्ये ऱ्हेनियम नावाचा धातू थोडा मिसळू लागले, खाली मॉलिब्डेनमची तबकडी आणि मोठ्या ट्यूबमध्ये त्याच्याही खाली ग्राफाइट लावू लागले. तरी सकाळी पेशंट घेण्याआधी खोलीत कोणी नसताना हलके दोन-चार शॉट देऊन ट्यूब गरम करायलाच हवी. पहिला टप्पा दाबून पेशंटची जुळवाजुळव करत उभं राहणंही वाईट. त्या वेळात फिलामेंट आणि बेअरिंग दोन्ही झिजतात. एका दवाखान्यात गर्दीच्या नावाखाली सकाळचा वॉर्मअप बंद केला होता, आणि नवीकोरी तबकडी फुटलेली मी पाहिली आहे.

सीटीत हे सगळं आणखी कठीण होतं. तिथे ट्यूब सलग काही सेकंद किरण देते आणि त्याच वेळी पेशंटभोवती फिरते. एक फेरी पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे बेअरिंगवर गुरुत्वाच्या तीस-पस्तीसपट जोर. फिलिप्सने १९८९ मध्ये छर्‍यांऐवजी द्रवरूप धातूचं बेअरिंग आणलं. खोबणी कोरलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये गॅलियमच्या मिश्रधातूचा पातळ थर, धातूला धातू लागतच नाही, आणि उष्णताही त्यातून वाहून जाते. अशी ट्यूब दिवसभर फिरतच ठेवतात. सीमेन्सने २००३ मध्ये 'स्ट्रॅटॉन'मध्ये वेगळाच रस्ता धरला: तबकडी एकटी न फिरवता सगळी नळीच फिरवायची, म्हणजे ॲनोडची मागची बाजू थेट बाहेरच्या थंड तेलात राहते. बेअरिंगही तेलात आली, वंगणाचा जुना प्रश्नच मिटला. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळवून जागेवर ठेवायचा. मला या सगळ्यांत हा उपाय सर्वांत धाडसी वाटतो. त्याच साली स्टॉकहोममधल्या संशोधकांनी तर घन ॲनोडच काढून टाकला आणि वितळलेल्या धातूच्या वाहत्या धारेवर इलेक्ट्रॉन सोडले. जे आधीच वितळलेलं आहे त्याला वितळण्याची भीती नाही. ते तंत्र स्फटिकांच्या अभ्यासासाठी वापरतात, दवाखान्यात नाही.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, इतके दिवस का लागतात. ट्यूब उघडून जागेवर दुरुस्त करता येत नाही. आतला प्रत्येक भाग भट्टीत तापवून, त्यातला वायू काढून, मग नळी बंद केलेली असते. ते काम कारखान्यातच होतं. म्हणून ती अख्खी बदलावी लागते, आणि त्या मॉडेलची ट्यूब तयार असेलच असं नाही. आली की तेल आणि शिशाच्या कवचासकट बसवून कमी केव्हीपासून पायरीपायरीने वर न्यावी लागते, म्हणजे आत राहिलेला थोडाफार वायू ठिणगी न पडता शोषला जातो. ही घाई करण्याची गोष्ट नाही. त्यानंतर केव्ही, वेळ, ठिपक्याचा आकार आणि कवचातून होणारी गळती मोजून अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे चाचणी करायची, आणि मगच पहिला पेशंट घ्यायचा. 'ट्यूब बसली आहे, पण मशीन अजून सुरू नाही' असं दवाखान्यातून सांगितलं, तर हे काम चालू असण्याची शक्यताच जास्त आहे.