पॉलिग्राफला चकवता येतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पॉलिग्राफ, म्हणजे लाय डिटेक्टर चाचणीबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: सराईत माणूस या यंत्राला फसवू शकतो का? त्याच्या जोडीला आम्ही दुसरा प्रश्न ठेवतो: खरं बोलणारा माणूस या चाचणीत नापास होतो का? दोन्हींची उत्तरं चाचणीच्या एकाच कच्च्या दुव्यात आहेत, म्हणून आधी यंत्र आणि मग वाद.

प्रश्न: चाचणीत अंगाला काय काय लावतात? खोटं बोललं की नेमकं काय उमटतं?

एक नळी छातीभोवती आणि दुसरी पोटाभोवती बांधतात. त्यांतून श्वासाची गती आणि खोली कळते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो. तो साधारण ६० ते ७० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवून तसाच ठेवतात, त्यामुळे रक्तदाबाचा आकडा मिळत नाही, फक्त त्यातला चढउतार दिसतो. एका हाताच्या दोन बोटांना इलेक्ट्रोड लावतात. तळहाताला आणि बोटांना किंचित घाम सुटला तरी त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि आलेख वर जातो. चार मोजमापांत निकालावर सर्वांत जास्त वजन याच घामाच्या रेषेचं पडतं. शिवाय हालचाल टिपणारी गादी हल्ली खुर्चीवर असतेच.

फुगवलेल्या पट्ट्यामुळे हात बधिर होऊ लागतो, म्हणून एक फेरी पाचेक मिनिटांत आटपतात आणि अशा तीन ते पाच फेऱ्या घेतात. दोन प्रश्नांत किमान २०-२५ सेकंद जाऊ द्यावे लागतात. घामाची प्रतिक्रिया प्रश्नानंतर एक ते तीन सेकंदांनी सुरू होते आणि ओसरायला वेळ घेते. घाई केली तर एका प्रश्नाची प्रतिक्रिया पुढच्या प्रश्नाच्या नावावर चढते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. खोटं बोलल्यावर उमटते अशी खास खूण यातल्या कुठल्याच रेषेत नसते. भीती, संताप, लाज, अपमान या सगळ्यांनी हाच घाम येतो आणि हाच रक्तदाब चढतो.

प्रश्न: मग परीक्षक निकाल देतो तरी कशावरून?

तुलनेवरून. जॉन रीड यांनी १९४७ मध्ये मांडलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही सर्वांत जास्त वापरली जाते. समजा, कपाटातून पैसे गेले आहेत. “कपाटातले पैसे तुम्ही घेतलेत का?” हा मुद्द्याचा प्रश्न. त्याच्या शेजारी मुद्दाम एक मोघम प्रश्न ठेवतात: “तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याला तुम्ही आयुष्यात कधी फसवलंत का?” हा तुलनेचा प्रश्न. याला छातीठोकपणे “नाही” म्हणू शकेल असा माणूस विरळाच. पण चाचणीआधीच्या तासा-दीड तासाच्या बोलण्यात परीक्षक असं वातावरण तयार करतो, की समोरचा “नाही”च म्हणतो आणि मनातून अस्वस्थ होतो. प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवला जातो. मग अनेकदा एक आकडा मनात धरायला सांगतात आणि तो यंत्राने ओळखून दाखवतात. त्याचा हेतू यंत्रावर विश्वास बसवणं हाच असतो.

गृहीत असं, की निरपराध माणूस तुलनेच्या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल आणि अपराधी मुद्द्याच्या. दोन्हींच्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून प्रत्येक रेषेला उणे ३ ते अधिक ३ गुण देतात. प्रचलित हिशेबात तीन फेऱ्यांची बेरीज अधिक ६ किंवा त्याहून वर गेली तर “खरं”, उणे ६ किंवा त्याखाली गेली तर “खोटं” आणि मधे राहिली तर “अनिर्णित”.

कच्चा दुवा आहे तो या गृहीतकात. ज्याच्यावर चोरीचा आळ आहे, नोकरी आणि अब्रू पणाला लागली आहे, त्याला “कपाटातले पैसे” हे शब्द ऐकूनच घाम फुटेल. दोनपैकी कोणत्या प्रश्नावर आपलं भवितव्य ठरणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याने पैसे घेतलेले नसले तरी ठाऊक असतं.

प्रश्न: पायाचा अंगठा दाबला, जीभ चावली किंवा गोळी घेतली की यंत्र फसतं म्हणतात. खरं किती?

लोकांची समजूत अशी असते, की मुद्द्याच्या प्रश्नाला दगडासारखं शांत राहायचं. ते जवळजवळ कुणालाच जमत नाही. चाचणी तुलनेवर उभी असल्याने खेळ उलट्या बाजूने होतो: तुलनेच्या प्रश्नाला प्रतिक्रिया वाढवायची. चार्ल्स हाँट्स, डेव्हिड रास्किन आणि जॉन किर्चर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘अपराधी’ स्वयंसेवकांना जास्तीत जास्त अर्धा तास शिकवलं होतं. काहींनी पायाची बोटं जमिनीवर दाबली, काहींनी जीभ चावली, काहींनी मनातल्या मनात ७-७ वजा करत उलटे आकडे मोजले. प्रत्येक युक्तीने साधारण निम्मे स्वयंसेवक सुटले. मनातली मोजणी तर परीक्षकांना ओळखताच आली नाही.

ओहायोतल्या एका माणसाची हकिगत याहून बोलकी आहे. चाचणीत नापास झाल्यावर त्याला खुनासाठी शिक्षा झाली; पुढे तो निर्दोष ठरून १९८० मध्ये सुटला. तुरुंगात असताना त्याने या चाचणीचा अभ्यास केला आणि २७ कैद्यांना वीसेक मिनिटं शिकवलं. गुन्हा केल्याचं त्यांनी त्याच्याजवळ कबूल केलं होतं. त्यांतले २३ जण चाचणीतून पार झाले.

तरीही ही कामं वाटतात तेवढी सोपी नाहीत. प्रतिक्रिया प्रश्नानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत यावी लागते. उशीर झाला की रेषेचा आकार वेगळा दिसतो. बोटं जोरात दाबली तर मांडीचे स्नायू आवळतात आणि गादी ते टिपते. बुटात टाचणी ठेवून टोचून घ्यायची युक्ती जुनी झाली, बूट काढायला लावणारे परीक्षक आहेत. सर्वांत जास्त लोक फसतात ते श्वासात. मिनिटाला सात-आठ इतके संथ, एकसारखे श्वास कुणी सहज घेत नाही, आणि तसा आलेख दिसला की परीक्षक सावध होतो. आयत्या वेळी स्वतःच्या डोक्याने काही करणाऱ्यांना फारसा फायदा होत नाही, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

गोळ्यांबद्दल: प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर हृदयाचे ठोके आवरतं, पण घामाच्या ग्रंथींना निरोप पोचतो तो ॲसिटिलकोलिनमार्फत, तिथे या औषधाचा अंमल चालत नाही. म्हणजे सर्वांत वजनदार रेषा तशीच राहते. झोपेच्या औषधाने सगळ्याच प्रतिक्रिया दबल्या तर मुद्दा आणि तुलना दोन्ही सपाट होतात, आणि निकाल बहुधा “अनिर्णित”.

चाचणीचे समर्थक म्हणतात, प्रयोगशाळेतल्या स्वयंसेवकाला तुरुंगाची भीती नसते, म्हणून असे आकडे फुगलेले असतात. हा आक्षेप रास्त आहे. पण मग प्रयोगशाळेतले अचूकतेचे आकडेही त्याच कारणाने बाजूला ठेवावे लागतील.

प्रश्न: मोठमोठे हेर चाचणी पास झाले, तरी समर्थक ९० टक्के अचूकता सांगतात. खरं कोण?

हेरांबद्दलची माहिती खरी आहे. सीआयएचा अल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्या तो पास झाला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. रशियनांनी त्याला कुठलीही युक्ती शिकवली नव्हती. नीट झोप, शांत राहा आणि परीक्षकाशी गोडीने वाग, एवढाच सल्ला होता. क्यूबासाठी काम करणारी ॲना माँटेसही चाचणीतून सुटली होती.

९० टक्क्यांचा आकडा कसा निघतो, तिकडे नीट बघा. प्रत्यक्ष गुन्ह्यांत यंत्र बरोबर होतं हे ठरवायला कबुलीजबाबाचा आधार घेतात. अपराधी पास झाला तर तो घरी जातो, कुणी कबुली देत नाही, ते प्रकरण हिशेबात येत नाही. निरपराध नापास झाला तर तोही कबुली देत नाही, आणि खऱ्या चोराचा शोध तिथेच थांबतो. तेही प्रकरण गळतं. उरतात ते नापास होऊन दडपणाखाली कबूल झालेले, आणि त्यांच्या कबुलीमुळे सुटलेले इतर संशयित, जे बहुधा आधीच पास झालेले असतात. यंत्राच्या चुका नमुन्यात शिरण्याची वाटच बंद. मिनेसोटा विद्यापीठाचे विल्यम इयाकोनो हा दोष वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत आणि त्याला पटेल असं उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

भरतीत किंवा सरसकट तपासणीत तर परिस्थिती आणखी बिकट होते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात हिशेब मांडला: १०,००० कर्मचारी, त्यांत १० हेर, आणि दहापैकी आठ हेर सापडतील इतकी कडक चाचणी. नापास होतात १,६०६ जण. त्यांतले हेर ८, निरपराध १,५९८. चाळण सैल करून नापास होणारे निरपराध सुमारे ४० पर्यंत खाली आणले, तर दहापैकी आठ हेर निसटतात. यंत्र सुधारून हा पेच सुटत नाही, कारण शोधायची माणसं मुळातच दुर्मीळ आहेत. ठराविक घटनेच्या तपासात, मोजक्या संशयितांत, युक्त्या न शिकलेल्या माणसांवर ही चाचणी योगायोगापेक्षा बरीच सरस ठरते, अचूकतेपासून मात्र बरीच दूर राहते, असं हाच अहवाल सांगतो. आमचं मतही तेच: तपासाची दिशा शोधायला फार तर वापरा, माणसाची नोकरी काढून घ्यायला नको.

प्रश्न: याहून भरवशाची पद्धत नाहीच का?

आहे, आणि तिची उपेक्षा का व्हावी हे आम्हाला उमगत नाही. डेव्हिड लिकेन यांनी १९५९ मध्ये ती मांडली. तिथे “तुम्ही केलंत का?” विचारतच नाहीत. गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील पर्यायांत लपवतात: पैसे कशात गुंडाळले होते? वर्तमानपत्र, रुमाल, प्लास्टिकची पिशवी, तपकिरी पाकीट, टॉवेल. निरपराधाला पाचही सारखेच. असे सहा प्रश्न असले आणि दर वेळी योगायोगाने नेमक्या पर्यायावरच सर्वांत मोठी प्रतिक्रिया येण्याची शक्यता धरली, तर ती १५,६२५ मध्ये एक. पहिल्या पर्यायाला नवेपणामुळेच जास्त प्रतिक्रिया येते, म्हणून खरा तपशील तिथे ठेवायचा नाही. जपानचे पोलीस ही पद्धत नियमित वापरतात. अडचण एकच पण मोठी: तपशील बातमीत छापून आला किंवा चौकशीत अधिकाऱ्याच्या तोंडून निसटला, की तो प्रश्न बाद.

प्रश्न: न्यायालयात हा निकाल चालतो का?

अमेरिकेत १९२३ च्या फ्राय खटल्यापासून न्यायालयं साशंक आहेत, आणि तिथल्या १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना कर्मचाऱ्यांची अशी चाचणी घ्यायला बंदी केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं, की संमतीशिवाय चाचणी घेता येणार नाही. संमतीने घेतली तरी तिचा निकाल पुरावा ठरत नाही. तिच्या मदतीने पुढे सापडलेली वस्तू किंवा माहिती मात्र ग्राह्य धरता येते.

प्रश्न: मी खरंच बोलणार आहे. चाचणीला होकार दिला तर काय काळजी घ्यावी?

होकार देण्याआधी वकिलाशी बोला. चालू औषधं, दमा, हृदयविकार, गरोदरपण, अपुरी झोप हे सगळं सुरुवातीलाच नोंदवायला लावा. प्रश्न वाचून दाखवताना एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तिथेच थांबवून बदलून घ्या. “पैसे घेतलेत का” यात पगाराची उचलही येऊ शकते. श्वास आपल्या गतीने चालू द्या. युक्त्या करू नका. हालचाल पकडली गेली तर खरं बोलणाऱ्यावरही लबाडीचा शिक्का बसतो.

सर्वांत जपायचं ते यंत्र बंद झाल्यावर. “आलेखात काहीतरी अडकतंय, मनात काय आलं होतं?” असं विचारलं जातं, आणि प्रामाणिक माणूस मदत करायच्या भरात नसलेली कारणं शोधून सांगतो. ती सगळी त्याच्या विरोधात लिहिली जातात. जे आधी सांगितलं तेच सांगा, त्यात भर घालू नका. संपूर्ण चाचणीचं चित्रीकरण आणि मूळ आलेखांची प्रत लेखी मागा, म्हणजे प्रकरणाची काहीच माहिती नसलेल्या दुसऱ्या परीक्षकाकडून गुण पुन्हा तपासून घेता येतील.