टायटॅनिकच्या तक्त्याखालची ७१४ ही बेरीज

नमस्कार. 'टायटॅनिक' जहाजावरील प्रवाशांचा वर्ग आणि त्यांचे वाचणे यांचा संबंध तपासणारा पदव्युत्तर प्रकल्प तुम्ही करीत आहात. तुमच्या तक्त्यानुसार पहिल्या वर्गातील ६५.६, दुसऱ्यातील ४८ आणि तिसऱ्यातील २३.९ टक्के प्रवासी वाचले, पुस्तकांत मात्र पहिल्या वर्गासाठी ६२ टक्क्यांच्या आसपासचा आकडा आढळतो, आणि हा फरक कुठून आला हे तुमच्या मार्गदर्शकांनाही सांगता आलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तक्त्याच्या तळाशी ७१४ ही बेरीज दिसली आणि माझा जुना लघुप्रबंधच कोणीतरी पुन्हा उघडून समोर ठेवल्यासारखे वाटले. याच बेरजेपायी माझे एक पूर्ण सत्र वाया गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

टक्केवारी काढणे, वर्गवार गट पाडणे या गोष्टी तुम्हाला येतात असे मी धरून चालतो. मी सांख्यिकीचा अध्यापक नाही, एकेकाळी या विषयात हात पोळलेला माणूस आहे; तेव्हा जिथे माझे मत आणि तुमच्या मार्गदर्शकांचे मत जुळणार नाही तिथे सही त्यांची लागते हे विसरू नका.

तुमच्याकडची फाइल ८९१ ओळींची असणार. १,३०९ प्रवाशांच्या यादीचे संगणकीय सरावासाठी ८९१ आणि ४१८ असे दोन तुकडे केलेले आहेत, आणि दुसऱ्या तुकड्यातील प्रवासी वाचले की नाही हा रकाना मुद्दाम वगळलेला आहे. पहिल्या तुकड्यातील १७७ जणांचे वय कोरे आहे. ८९१ मधून १७७ वजा केले की ७१४ उरतात. म्हणजे वय नसलेल्या ओळी तुम्ही तरी काढल्या आहेत किंवा तुम्हाला न विचारता संगणकाने तरी काढल्या आहेत. त्या परत घातल्या की पहिल्या वर्गाचे २१६ पैकी १३६, म्हणजे ६३ टक्के, दुसऱ्याचे १८४ पैकी ८७ आणि तिसऱ्याचे ४९१ पैकी ११९ प्रवासी वाचलेले दिसतील. पूर्ण १,३०९ ची यादी घेतली तर पहिल्या वर्गाचे ३२३ पैकी २०० होतात आणि पुस्तकातला ६२ चा आकडा तुमच्याही हाती लागतो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथेच संपते. परंतु मीही एकदा इथेच थांबलो होतो.

मी लघुप्रबंध करीत असताना आमच्या विभागात (नाव घेत नाही, आजही तिथे ओळखीची माणसे आहेत) कोऱ्या नोंदींविषयी एक ठरलेले उत्तर मिळत असे: "रिकाम्या ओळी काढून टाका, तशीच पद्धत आहे." मी काढल्या. तिसऱ्या वर्गाचा दर २४.२ वरून २३.९ झाला. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे मनाशी म्हणून मी पुढचे ऐंशी पृष्ठांचे काम त्या ७१४ ओळींवर उभे केले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे कुटुंबविषयक प्रकरण उघडले, मोठ्या कुटुंबांच्या तक्त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "यात सेज कुटुंब कुठे आहे?" मला ते नावही माहीत नव्हते.

सेज हे इंग्लंडमधील पीटरबरो येथील कुटुंब होते. आईवडील आणि नऊ मुले अशी अकरा माणसे तिसऱ्या वर्गातून फ्लोरिडाला स्थायिक होण्यासाठी निघाली होती आणि त्यांतले एकही वाचले नाही. ८९१ च्या फाइलमध्ये त्यांच्यापैकी सात जण आहेत आणि सातही जणांचे वय कोरे आहे. त्यामुळे वय नसलेल्या ओळी काढताच ही सातही माणसे तक्त्यातून निघून जातात, आणि मोठ्या कुटुंबांचे काय झाले याविषयी बोलणाऱ्या माझ्या प्रकरणात त्या जहाजावरचे सर्वांत मोठे कुटुंबच शिल्लक राहिले नव्हते. मोठ्या यादीत या अकरांपैकी एकाच मुलाचे वय सापडते, साडेचौदा वर्षे. आणि ज्याचा मृतदेह हाती लागला असा त्या कुटुंबातला तोच एकटा आहे. वयाच्या रकान्यात काय लिहिले गेले हेसुद्धा पुष्कळदा बुडाल्यानंतर काय घडले यावर ठरले, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम समजली.

चूक माझीच होती, हे मान्य करतो. त्यानंतर जे झाले ते मात्र माझ्या चुकीच्या मानाने फार होते. दुरुस्त केलेली दोन प्रकरणे मी आठवड्याभरात तयार केली, पण कार्यालयात सांगण्यात आले की मौखिक परीक्षेनंतर दुरुस्ती स्वीकारण्याची तरतूद नाही, नवा अर्ज करावा लागेल; नव्या अर्जावर मार्गदर्शकांची सही हवी होती आणि ते रजेवर होते; सही मिळाली तोवर शुल्क भरण्याची मुदत संपली होती. पुढच्या सत्रात तेच काम पुन्हा सादर केले. ज्या नोकरीसाठी गुणपत्रिका हवी होती ती जागा तोपर्यंत भरली गेली. रिकाम्या ओळी काढायला सांगणाऱ्यांपैकी कोणीही त्या खिडकीपाशी माझ्याबरोबर आले नाही. असो. तुम्ही जे काही सादर कराल त्याची पोच घ्या, इतकेच या निमित्ताने सांगतो.

आता मुद्द्याकडे येतो. १७७ कोऱ्या वयांपैकी ३० पहिल्या वर्गातील, ११ दुसऱ्यातील आणि १३६ तिसऱ्या वर्गातील आहेत. मोठ्या यादीतही हेच चित्र आहे: २६३ पैकी २०८ तिसऱ्या वर्गातील. ज्यांचे वय माहीत आहे त्यांच्यापैकी ४१ टक्के वाचले, ज्यांचे माहीत नाही त्यांच्यापैकी २९ टक्के. ओळी काढल्या की तिसऱ्या वर्गाचा वाटा ५५ टक्क्यांवरून ५० च्या खाली येतो, म्हणजे तुमचे जहाज प्रत्यक्षापेक्षा अधिक श्रीमंत होते. तुम्ही ज्या विषमतेचा शोध घेत आहात ती या कोऱ्या रकान्यांतच बसलेली आहे, आणि तरीही आपण त्यांना अडचण समजून आधी झाडून काढतो.

यावर कोणीतरी तुम्हाला कोऱ्या जागी सरासरी वय भरण्याचा सल्ला देईल. मला तो मुळीच पटत नाही. ज्ञात वयांची सरासरी २९.७ येते, ती भरली की सेज कुटुंबातला लहानगा थॉमस तीस वर्षांचा पुरुष होतो. त्याच्या नावापुढे 'मास्टर' लिहिलेले आहे आणि त्या काळी ही उपाधी मुलग्यांसाठीच वापरली जात असे. ८९१ मध्ये वय कोरे असलेले असे चार 'मास्टर' आहेत आणि चारही तिसऱ्या वर्गातील आहेत. भरायचेच असेल तर निदान उपाधी आणि वर्ग पाहून भरा, आणि भरलेल्या ओळींना वेगळी खूण करा.

दुसरी गोष्ट, या फाइलवरून निघणारा ६३, ४७, २४ असा उतरता जिना तुम्ही निष्कर्ष म्हणून लिहू नये असे मला वाटते. लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालील १९१२ च्या ब्रिटिश चौकशीचा तक्ता पुरुष, स्त्रिया आणि मुले असे वेगळे करून पाहा. पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, दुसऱ्यातील ९३ पैकी ८०, आणि तिसऱ्यातील १६५ पैकी केवळ ७६. मुलांमध्ये दुसऱ्या वर्गातील चोवीसच्या चोवीस वाचली, तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी २७. परंतु प्रौढ पुरुषांपाशी हा जिना मोडतो: पहिल्या वर्गात १७५ पैकी ५७ वाचले, तिसऱ्यात ४६२ पैकी ७५ म्हणजे १६ टक्के, आणि दुसऱ्या वर्गात १६८ पैकी अवघे १४, म्हणजे ८ टक्के. बरे तिकीट काढलेल्या पुरुषाची गत तिसऱ्या वर्गातील पुरुषाहून वाईट झाली. जहाजाच्या डाव्या बाजूला अधिकारी लाइटोलर यांनी 'स्त्रिया आणि मुले आधी' या आदेशाचा अर्थ 'फक्त स्त्रिया आणि मुले' असा घेतला, तर उजवीकडे मर्डॉक यांनी जागा असेल तिथे पुरुषांनाही बसू दिले; तेव्हा पुरुषाच्या बाबतीत तो कोणत्या बाजूला उभा होता हेही महत्त्वाचे होते. मला विचाराल तर तुमच्या प्रकल्पाचे मुख्य वाक्य दुसऱ्याच दोन आकड्यांत आहे: पहिल्या वर्गातील पुरुष ३३ टक्के वाचले आणि तिसऱ्या वर्गातील मुले ३४ टक्के. मुलांना आधी जागा देण्याचा नियम जिथे खरोखर पाळला गेला, तिथे तिसऱ्या वर्गातली मुले पोहोचलीच नव्हती.

ती का पोहोचली नाहीत याची उत्तरे जहाजाच्या रचनेत आहेत. होड्या ज्या डेकवर होत्या तो पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचा फिरण्याचा डेक होता. तिसऱ्या वर्गातील एकटे पुरुष जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, कुटुंबे आणि एकट्या स्त्रिया मागच्या टोकाला राहत, आणि अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यामुळे त्यांना इतर वर्गांपासून वेगळे ठेवणारे अडसर होतेच. जॉन हार्ट नावाच्या कारभाऱ्याने (जहाजावर अशा सेवकाला स्ट्यूअर्ड म्हणत) स्त्रिया आणि मुलांच्या दोन तुकड्या वर आणून होड्यांपर्यंत पोहोचवल्या. त्या चक्रव्यूहातून कोणीतरी वाट दाखवणारा लागत होता, असा त्याचा अर्थ मी घेतो.

मर्सी यांच्या अहवालात तिसऱ्या वर्गाला अन्याय्य वागणूक मिळाली नाही असा निष्कर्ष आहे. तो उद्धृत करणार असाल तर त्याच परिच्छेदात हेही लिहा की लंडनच्या त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष झाली नाही. त्यांच्या बाजूने हार्बिन्सन हे वकील उभे होते आणि त्यांनीही अडवणुकीचा पुरावा पुढे आलेला नाही असे मान्य केले. पण साक्षीदारच न बोलावल्यावर पुरावा येणार कुठून? सिनेटर विल्यम आल्डन स्मिथ यांच्या अमेरिकेतील समितीपुढे मात्र तिसऱ्या वर्गातील तिघे बोलले, आणि त्यांपैकी डॅनियल बकली याने वर जाण्याच्या वाटेवरील दार बंद केले गेल्याचे आणि प्रवाशांनी ते तोडल्याचे सांगितले. वयाचा कोरा रकाना आणि हा न बोलावलेला साक्षीदार यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. सरकारी तक्ताही डोळे मिटून घेऊ नका: त्यात पहिल्या वर्गातील सहाही मुले वाचल्याचे आहे, प्रत्यक्षात लोरेन ॲलिसन ही दोन वर्षांची मुलगी बुडाली.

काही किरकोळ सूचना, हव्या तर घ्या. भाड्याचा रकाना माणशी नाही, तिकिटाचा आहे. सेज कुटुंबाच्या प्रत्येक ओळीत ६९.५५ पौंड दिसतात आणि त्यामुळे ते पहिल्या वर्गातील अनेकांहून धनवान वाटतात. अकरांनी भागले की माणशी सव्वासहा पौंडांच्या आसपास येतात. केबिनचा रकाना तर मी वापरणारच नाही: ८९१ पैकी ६८७ कोरे आहेत, भरलेल्या २०४ पैकी १७६ पहिल्या वर्गातील आहेत, आणि त्या वर्गाच्या खोल्यांची माहिती बरीचशी हर्बर्ट केव्ह या स्ट्यूअर्डच्या मृतदेहावर सापडलेल्या यादीतून आलेली आहे. शिवाय 'पहिला वर्ग' म्हणजे केवळ श्रीमंत असे धरू नका, त्यात धनिकांबरोबरच्या मोलकरणी आणि खासगी नोकरही मोजलेले आहेत. आणि या फाइलमध्ये जहाजावरचे कर्मचारी मुळीच नाहीत. मर्सी यांच्या तक्त्यानुसार ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२ वाचले, म्हणजे तिसऱ्या वर्गाहूनही थोडे कमी.

तुमच्या मार्गदर्शकांनी 'भारतीय संदर्भ' जोडायला सांगितले आहे म्हणून एवढेच: मध्य प्रांतातील जांजगीर येथे मिशनरी असलेल्या ॲनी फंक मुंबईहून बोटीने निघाल्या होत्या आणि दुसऱ्या वर्गातील ज्या मोजक्या स्त्रिया बुडाल्या त्यांत त्या होत्या, गुंटूरहून निघालेल्या नेली बेकर आणि त्यांची तीन मुले त्याच वर्गातून वाचली. एवढ्यावरून भारताविषयी काही सिद्ध होत नाही, तेव्हा ते तळटीपेत ठेवलेले बरे.

७१४ चा तक्ता टाकून देऊ नका. ८९१ आणि १,३०९ च्या तक्त्यांशेजारी तो ठेवा आणि कोणत्या ओळी का गळल्या हे वर्गवार लिहा. बाहेरचे परीक्षक तिथेच थांबतात, निदान माझे थांबले. त्याआधी तुमच्या फाइलमध्ये सेज कुटुंबाचा 'सीए २३४३' हा तिकीट क्रमांक शोधा. सात ओळी मिळायला हव्यात. एकही मिळाली नाही, तर आज दुसरे काही करण्याआधी मूळ फाइल पुन्हा उतरवून घ्या.